बोगस हा शब्द मी आणला

शेलूला माझ्या नातवाचं घर चौथ्या मजल्यावर आहे. दुपारी गॅलरीत बसलं की खाली खेळणाऱ्या मुलांचा गलका वर येतो. त्यांच्या बोलण्यातले निम्मे इंग्रजी शब्द मला कळत नाहीत, पण एक कळतो. चेंडू गटारात गेला की बोगस, कोणी आउट द्यायला तयार नसलं की बोगस, शेजारच्या इमारतीतल्या पोराची नवी सायकलसुद्धा बोगस. नातू स्वतः तिशीचा आहे. कामावरून आला की टीव्हीवर काहीतरी लावतो आणि जेवण संपायच्या आत बंद करतो. "बोगस आहे, आजोबा." त्याच्या भाषेत याचा अर्थ कंटाळवाणं. एकदा त्याला विचारलं, हा शब्द आला कुठून? त्याने फोनवर बघून सांगितलं की मूळचा अमेरिकेतला आहे, तिथल्या रस्त्यावरच्या बोलीतला, खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला म्हणे तसं म्हणत. मी मान डोलावली. शब्द अमेरिकेतून निघून कुठे कुठे फिरला ते मला ठाऊक नाही. आमच्या गावात तो कोणी आणला, ते ठाऊक आहे.

आमच्या मुलखात हा शब्द जागेप्रमाणे बदलतो. खालापूरच्या कचेरीबाहेर तो अजून मूळ अर्थाला धरून आहे. बोगस सही, बोगस वारस. तिथल्याच एसटी थांब्यावर मात्र वेळेवर न येणारी गाडी बोगस. शिळफाट्याच्या बाजारात कापल्यावर पांढरं निघालेलं कलिंगड बोगस. घाटावर मावळात माझे साडू राहत, ते आपल्या धाकट्या मुलाला सगळ्यांसमोर बोगस म्हणत आणि म्हणताना त्याच्या पाठीवर थाप मारत. त्यांच्याकडे आळशी पण मनाने चांगल्या माणसाला हा शब्द होता. आमच्या गावात, कर्जत तालुक्यातल्या ओहोळाकाठच्या त्या साठ-सत्तर उंबऱ्यांत, त्याला एकच अर्थ आहे. रुजत नाही ते बोगस. भाताचं बी, भोपळ्याची आळी, कलम. मूल न झालेल्या सुनेलाही मागून, हलक्या आवाजात, हाच शब्द वापरतात. दोन गावं ओलांडली की हा अर्थ कोणाला माहीत नसतो.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो, गोदामात. सायकलने जायचं, सायकलने यायचं. गोदामाचे साहेब मुंबईचे होते. आलेल्या मालाच्या खोक्यावर ते पेन्सिलीने टकटक करायचे, एखादं उघडायला लावायचे आणि आतला नमुना दोन बोटांत धरून म्हणायचे, "बोगस. परत पाठवा." एवढंच. कारण सांगायचे नाहीत आणि कोणी विचारायचं नाही. एका शब्दाने भरलेला ट्रक मागे फिरताना मी पाहिला. आमच्या घरी कुठलीही गोष्ट नाकारायची तर बाबा अर्धा तास ओरडत, समोरचा तेवढाच वेळ ओरडे आणि शेवटी काहीच ठरत नसे. मला तो शब्द फार आवडला. मी तो घरी आणला, डब्यासारखा रोज. सुकटीचं कालवण खारट झालं की बोगस, बैलाचा नवा कासरा बोगस. आई म्हणायची, "काय बाई ह्याचं, उठता बसता त्येच." पण तिलाही मजा वाटत असे.

घर कुडाचं होतं, मागे गोठा, पुढे ओटी. सकाळी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि थंडीच्या दिवसांत आणखी एक आवाज, जो शेजारच्या गावांना नव्हता. घाटाखालच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नाल्याने आमच्या शिवारात येई. सगळीकडे जमीन भेगाळायला लागलेली असताना आमच्याकडे ऐन पौषात पाणी खळखळत येई आणि बेडकांना चुकीच्या ऋतूत जाग येई. त्या पाण्यावर आम्ही उन्हाळी भात घ्यायचो. आमची शेतं नाल्याच्या तोंडाशी, म्हणून पाण्याची पहिली पाळी आमची, आणि म्हणून सगळ्या गावात बी पहिल्यांदा भिजायचं तेही आमच्याच घरी.

बी यायचं चांगुणाकाकीकडून. ती भावकीतली, तरुणपणी विधवा झालेली, पदरात एक मुलगी, यमुना, जी लग्न होऊन खालापूरकडे गेली होती. काकी कापणीच्या आधी आपल्या शेतातून एकटी फिरे, हाताने लोंबी लोंबी निवडे, ती वेगळी झोडे आणि शेणाने सारवलेल्या कणगीत निरगुडीच्या पाल्यात ठेवी. दाणा बारीक, तांबूस. शिजताना वास ओहोळापर्यंत जाई. त्या भाताला नाव नव्हतं, सगळे त्याला काकीचंच म्हणत. नेलेल्या पायलीला पुढच्या वर्षी दीड पायली परत द्यायची असा रिवाज होता आणि त्यावर तिचं वर्ष निघे. ती प्रेमळ वगैरे नव्हती. बी मागायला आलेल्या माणसाला ती आधी ओट्याखाली उभं करून ठेवी. माझ्या बाबांना, जे तेव्हा पन्नाशीला टेकले होते, ती सगळ्यांदेखत म्हणे, "बाळ्या, गेल्या साली परत केलंस त्यात निम्मी फोलपटं. यंदा मापाला हात आखडता घेनार हाय मी." बाबा हसत आणि घरी येऊन शिव्या देत. गावात बहुतेक सगळे असेच हसत आणि असेच घरी येत. पुढे जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवावं लागेल.

थंडीत बियाला मोड यायला वेळ लागतो. रात्रभर भिजवलेलं भात पोत्यात बांधून गोठ्यात पेंढ्याखाली ठेवायचं, वर दगड ठेवायचे, संध्याकाळी कोमट पाणी शिंपडायचं. गुरांच्या उबेने ते हळूहळू फुटतं. त्या वर्षी बाबांना सोयरिकीसाठी बाहेर जावं लागलं आणि पोतं माझ्या ताब्यात आलं. नाल्याचं पाणी सुटायला थोडेच दिवस राहिले होते. त्याच सुमाराला खोपोलीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता आणि गोदामातली पोरं मला बोलवत होती. मी पोतं उघडून पाहिलं, मोडाचा पत्ता नव्हता. मग मी ते ओढत स्वयंपाकघरात नेलं, चुलीच्या मागे जिथे आई निखारे राखेत पुरून ठेवायची तिथे टेकवलं, वर घोंगडी टाकली आणि सायकल काढली. सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी परत आलो तर पोतं गोठ्यात आपल्या जागी होतं आणि घोंगडी घडी करून खुंटीवर ठेवलेली. आई अंगणात वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही आणि मी काही विचारलं नाही.

बाबांनी पोतं सोडलं तेव्हा आंबट वाफ आली. दाणे बुळबुळीत झाले होते, दाबले की फुटत. बाबांनी मूठभर दाणे बाहेर काढले.

"ह्ये काय रं झालं?"

"बी बोगस हाय," मी म्हटलं.

मी ठरवून बोललो नाही. रोज शंभर वेळा जिभेवर असलेला शब्द होता, तो आला.

"म्हंजे?"

"म्हंजे वरून दिसायला चांगलं, आत काय नाय. आमच्या कंपनीत असा माल आला ना, तर साहेब हात पन लावत नाय. तसाच परत."

"तसाच परत," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्यात एक समाधानही होतं. पोतं खांद्यावर घेऊन ते काकीच्या अंगणात गेले. मी मागे गेलो, कारण शब्द माझा होता आणि तो नीट सांगायला मीच लागणार होतो.

काकीने मूठभर दाणे घेतले, वास घेतला आणि फेकून दिले. "ह्ये शिजलंय, बाळ्या. बी शिजवून आनलंस नि मला दावतोस?"

"शिजवायला माजं डोकं फिरलंय काय?"

"तुजं नाय फिरलं, तर घरात कोनाचं फिरलं त्ये जाऊन बग."

एवढ्यात आजूबाजूची माणसं जमली होती. बाबा चिडले. पोतं तिथेच आदळून म्हणाले, "माज्या पोरानं बी बिघडवलं असं निगालं ना, तर त्याला घरात ठेवनार नाय. बैलाची शपत." मग माझ्याकडे वळून, "सांग रं सदू, तुमच्या कंपनीत काय म्हनतात ह्याला."

मी सांगितलं. सावकाश, साहेबांसारखं, दोन बोटांत दाणा धरून.

"ह्यो काय बोलतोय? त्याला मराठीत बोल म्हनावं," काकी म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, "काकी, तुजं बी बोगस!" आणि सगळे हसले. एवढी वर्षं ओट्याखाली उभे राहिलेले लोक होते ते. काकीकडे प्रत्येक शिवीला उलट शिवी होती, प्रत्येक तक्रारीला उत्तर होतं. या शब्दाला नव्हतं. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि अर्थ विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. बी शिजलंय हे ती दोनदा म्हणाली. ते खरं होतं, मराठीत होतं आणि कोणी ऐकलं नाही.

ज्यांनी बी नेलं होतं त्यांनी संध्याकाळपर्यंत परत आणून टाकलं. कोणी भिजवून पाहिलंसुद्धा नाही. कर्जतला सुधारित बियाणं मिळत होतं, गाडी करून सगळ्यांनी ते आणलं. आमच्या घरचं नवं बी आईने गोठ्यात स्वतः ठेवलं आणि पेंढ्याला कोणाला हात लावू दिला नाही. त्याला झकास मोड आले. गावाच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

काकीच्या दृष्टीने संपला नव्हता. तिने कणगीतलं मूठ-दोन मूठ बी एका टोपलीत मातीवर पेरलं आणि टोपली ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. काही दिवसांत ती भरगच्च हिरवी झाली, नवरात्रातल्या घटासारखी. मी रोज सायकलवरून तिच्यासमोरून जात असे. काकी बाजूला बसून नुसती बघे, बोलत नसे. लोकही थांबून बघत. एका म्हाताऱ्याने टोपलीकडे बोट दाखवून बरोबरच्याला सांगितलेलं मी ऐकलं आहे, "दिसायला हिरवं हाय. बोगसचं तसंच असतंय." मग एके दिवशी टोपली तिथे नव्हती. मला वाटलं, हरली.

हे लिहिताना हात चोळत बसावं असा मोह होतो, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. सुधारित भात जवळजवळ दुपटीने पिकलं. काकीचं जुनं बी आणखी चार-पाच वर्षांत कसंही मागे पडलं असतं, जसं सगळीकडच्या जुन्या बियांचं झालं. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आणि हे खोटं नाही. फक्त ज्या कारणाने ते मागे पडलं, ते कारण हे नव्हतं.

पुढचे दिवस सरळ गेले. मी कारखान्यात कायम झालो, लग्न झालं. घरात फारसं काही बदललं नाही. आईला ओहोळाकडच्या एका तुकड्याचा नाद लागला, तेवढंच. तो ती स्वतः लावी, स्वतः कापी, कोणाला आत पाय ठेवू देत नसे. बाबा म्हणत, "ह्ये तुज्या आयचं म्हायेरचं शेत." तिथलं भात ती वेगळं ठेवी आणि सणावारालाच काढी. गौरीला, दिवाळीला, कोणी आजारी पडलं तर पेजेला. घरभर वास सुटे. मी एकदा विचारलं, हा तांदूळ कुठला? "खा गपचूप," ती म्हणाली. मी खाल्ला.

काकी त्याच काळात गाव सोडून मुलीकडे राहायला गेली. बी न्यायला कोणी येत नव्हतं, मग परत आणून द्यायलाही कोणी नव्हतं. तिला मी त्यानंतर एकदाच पाहिलं, शिळफाट्याच्या बाजारात. माठ निवडत होती, प्रत्येकावर बोटाने टिचकी मारून. मी तोंड चुकवणार तोच तिने पाहिलं.

"काय रं सद्या, कंपनी काय म्हनते? अजून माल परत पाठवता का?"

"चाललंय, काकी."

"आयला इचारलंय म्हनून सांग. लावलं का, म्हनावं."

आवणीचे, भात लावायचे दिवस होते. भेटल्यावर लोक हेच विचारतात. मी घरी येऊन निरोप दिला. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. "लावलं म्हनून सांग," ती म्हणाली, आणि मग म्हणाली, "तू नको सांगू. मीच सांगीन."

बाबा गेले, मग काकी, मग आई. मागच्या वर्षी मी गावी गेलो होतो तेव्हा देवळाच्या पायरीवर बसलेल्या मंडळींत बियाचा विषय निघाला. कोणाचं तरी रुजलं नव्हतं. "चांगुणाकाकीचं बोगस," एक जण म्हणाला, आणि म्हणणाऱ्याने काकीला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मी तिथेच सगळं सांगितलं. पोतं, चूल, घोंगडी. ते आदराने ऐकत होते. शेवटी त्यांतला एक म्हणाला, "नाय हो काका, तिचं बी बोगसच व्हतं. आमच्या बापानं परत केलेलं. तुमचं आता वय झालं, काय तरी मनात घेता." दुसऱ्याने चहा मागवला.

म्हणून मी यमुनाकडे गेलो. टोलनाक्याच्या पलीकडे तिच्या मुलाचं घर आहे, दारात त्याचा टेंपो. ती माझ्याहून थोडी मोठी, कमरेत वाकलेली, पण आवाज काकीचाच. मला ओट्यावर बसवून ती समोर बसली आणि मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं.  मी थांबल्यावर म्हणाली, "झालं? माज्या आयला ठाव व्हतं की."

"कोणी सांगितलं?"

"तुज्याच आयनं. टोपली ओट्यावर व्हती ना, तवा आली. पाया पडली म्हने. बापूस शपत घेऊन बसलाय, पोराला बाहेर काडील, म्हनाली."

"आणि काकी गप्प बसली?"

"गप्प?" यमुना हसली. "माजी आय कधी गप्प बसली रं? तिनं सौदा केला. म्हनाली, टोपली मी उचलते. तुजा पोर ऱ्हाऊ दे घरात. पन माजं बी मरता कामा नये. तुज्या शेतात एक तुकडा माजा, दर साली लावायचा, नि कोनाला सांगायचं नाय. तुजी आय दर साली इथं यायची, लोंबी दावायला. आय वास घ्यायची, दाना चावायची, मंग तिला पानी द्यायची. लोंबी बगितल्याबिगर पानी नाय."

 गौर, दिवाळी, आजारपणातली पेज, घरभर सुटणारा तो वास. गावभर मी शब्द फिरवत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन तेच खात होतो.

"तुमच्या घरात कोनाला लागलं का त्ये बोगस?" तिने विचारलं. टोमणा होता, पण तिने तो फार जोरात मारला नाही. मग पुढे झुकून म्हणाली, "आता कोन लावतंय रं? तुजी सून? नातीचं लगीन हाय माज्या. मूठभर दे मला, अक्षतांना. आयचं म्हनून."

तेव्हा मला कळलं की मी आल्यापासून ती याचीच वाट बघत होती. मी आत आलो तेव्हा तिची नजर माझ्या पिशवीवर गेली होती.

मी सांगितलं की तो तुकडा आई गेल्यावर विकला. मुंबईची पार्टी होती, त्यांनी तिथे फार्महाउस बांधलं आहे, तुकडा होता तिथे पोहायचा तलाव आहे. बी राहिलं नाही.  यमुना भिंतीला हात लावत उठली. "जेवून जा. भात कोलमचा हाय, दुकानातला." मी जेवलो. तिने दुसऱ्यांदा वाढला, तोही खाल्ला.

तिला मी एक गोष्ट सांगितली नाही, म्हणून ती इथे लिहितो. आईचे दिवस झाल्यावर घर आवरताना माळ्यावर एक मडकं सापडलं होतं. तोंडाला फडकं बांधलेलं, आत निरगुडीचा सुकलेला पाला आणि त्याखाली भात, बारीक, तांबूस. बायकोने हातात घेऊन विचारलं, "पेरून बगायचं का?" मी म्हटलं, "कशाला? बोगस असंल." आणि मडकं अंगणात पालथं केलं. कोंबड्यांनी एक दाणा ठेवला नाही.